रेवाची निळी पाठ

आजही रेवाची पाठ निळीच निघाली.

केतकीनं झबलं पाटावरून उचललं, एक चुणी काढली आणि पुन्हा नीट पसरलं. पाटाच्या कडेचा दिवा लुकलुकला आणि मोबाइलवर तेच चित्र उमटलं. हातपाय पसरून पालथी पडलेली एक बाहुली, मानेपासून कमरेपर्यंत निळीशार. केशरी शोधायला तिला चित्र बोटांनी ताणून मोठं करावं लागलं. सापडलं एकदाचं. डाव्या काखेत, मसुराएवढं.

"दिवसभर मीच तर होते हिच्याजवळ," ती पुटपुटली.

"काय म्हणून राहिली?" रोशननं स्वयंपाकघरातून विचारलं. तो पोळ्या शेकत होता.

"काही नाही. तुझ्या बहिणीचं कौतुक करतेय."

रोशन हसला. त्याला वाटलं, खरंच कौतुक आहे. नवऱ्यांना असं वाटून घेण्याची एक देणगी असते.

निळा रंग शुभाताईंचा होता. शुभाताई म्हणजे रोशनची थोरली बहीण. लग्न मोडून माहेरी परतल्याला त्यांना बरीच वर्षं झाली होती. खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या आणि दुपारी शिवणाचे वर्ग घ्यायच्या. हिरवा रंग रोशनचा. आणि केशरी आईचा. झबलं पहिल्यांदा घरी आलं तेव्हा हा रंग केतकीनंच निवडला होता, लांबूनही ठसठशीत दिसावा म्हणून.

त्या झबल्याची गंमत सांगायची तर थोडं मागं जायला हवं. दोन वस्तू एकमेकींना टेकल्या आणि दूर झाल्या, की कोरड्या निरोपानं जात नाहीत. एकीच्या अंगावरचे थोडे इलेक्ट्रॉन दुसरीकडे राहून जातात. जिनं दिले ती धनभारित होते, जिनं घेतले ती ऋणभारित. माणसाची कातडी, लोकर, नायलॉन ही देणारी मंडळी. पॉलिस्टर, प्लॅस्टिक, रबर ही घेणारी. घासलं, की जास्त जागी गाठभेट होते आणि देवाणघेवाण वाढते. मग त्या भाराला बाहेर पडायला वाट मिळाली, म्हणजे धातू किंवा ओल मिळाली, तर तो निघून जातो. नाही मिळाली तर तिथंच बसून राहतो. थंडीत स्वेटर काढताना जी तडतड होते, ती त्या बसलेल्या भाराला अचानक सापडलेली वाट.

हे सगळं जुनंच. केतकीनं बी.एस्सी.ला भौतिकशास्त्रात ते पाठही केलं होतं. नवं कळलं ते एवढंच, की हा भार सपाट रंगासारखा बसत नाही. तो रांगोळीच्या ठिपक्यांसारखा बसतो. इथं धन, त्याला खेटून ऋण, पुन्हा धन. ही रांगोळी प्रत्येक हाताची निराळी. घामातले क्षार, कातडीचं तेल, तळव्याच्या रेषा, बाहीचं कापड, सगळ्यांचा तिच्यात वाटा. मास्कमधल्या पडद्यासारखा भार धरून ठेवणारा एक धागा होता. कुणीतरी तो विणून त्याचं झबलं केलं. दिवसभर बाळाला कोण कोण शिवलं ते त्या धाग्यावर बसत जायचं. संध्याकाळी झबलं पाटावर पसरलं की पाट ते वाचायचा, रंगात दाखवायचा आणि मग बटण दाबलं की आयनांची हवा मारून कापड कोरं करायचा, उद्यासाठी.

झबलं निघालं होतं अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी. अशा बाळाला काचेच्या पेटीइतकीच माणसाच्या कातडीची गरज असते, आणि ती किती मिळाली हे डॉक्टरांना बघायचं असायचं. रेवा अशीच, घाईनं आलेली. आणि ती आली तेव्हा केतकी तापानं फणफणलेली, जंतुसंसर्ग झालेली, दुसऱ्याच मजल्यावर सलाइनला बांधलेली. रेवाला छातीशी धरून बसल्या त्या शुभाताई. पदर सोडून, अंगावर त्या मुठीएवढ्या जीवाला घेऊन, पाठीला रग लागेस्तोवर.

केतकीला बाळ दिसलं ते मोबाइलवर. बाळ नाहीच, बाळाचं चित्र. सगळं निळं.

"आत्याच्या उबेवर वाढलीय हो तुमची लेक," डॉक्टरीणबाई कौतुकानं म्हणाल्या होत्या. केतकीनं हात जोडून आभार मानले. त्या वाक्याचा काटा मात्र आत जाऊन बसला तो बसलाच. आता रेवा रांगायला लागली होती, पुढचे दोन दात दाखवत हसायला लागली होती, तरी दवाखान्याकडून भाड्यानं घेतलेलं ते झबलं केतकीनं परत केलं नव्हतं.

*

"ये माझी सोनपरी! काहून बघून राहिली अशी? आत्याला ओळखत नाही का?"

सकाळी शुभाताईंचा आवाज जिन्यातूनच सुरू व्हायचा आणि रेवाचे पाय हवेत सायकल चालवायला लागायचे. केतकीसाठी ते पाय कधी असे चालत नसत, असं केतकीचं म्हणणं. रोशनचं म्हणणं, तू चोवीस तास असतेस, तुझ्यासाठी काय सायकल चालवायची?

ताई मांडी घालून बसायच्या. कोमट तिळाच्या तेलानं मालिश, डाळीच्या पिठानं तेल उतरवणं, अंघोळ. मग शेगडीऐवजी आता आलेल्या सपाट हीटरवर स्वतःचे तळवे तापवून बाळाच्या पाठीला शेक. तळवा हीटरवर, तळवा पाठीवर, पुन्हा हीटरवर. शेवटी पावडर, झबलं, आणि झबल्यावरूनही थोपटणं. रेवा डोळे अर्धे मिटून बोक्यासारखी गुरगुरायची. दुपारचा वर्ग आटोपला की संध्याकाळीही ताई येऊन तिची पाठ थोपटून जायच्या.

केतकी दारात टॉवेल घेऊन उभी.

"उद्या मी करते ताई मालिश."

"कर की. कोण नाही म्हणतं? फक्त हात पुसून घे बाई, तुझे हात म्हणजे आत्ताच मडक्यातून काढल्यासारखे." ताई हसल्या. "मागे तू धरली तर पोरगी दचकली बिचारी."

लहानपणापासून केतकीच्या तळव्यांना घाम यायचा. परीक्षेत उत्तरपत्रिकेखाली रुमाल ठेवावा लागायचा, आणि जीव टांगणीला लागला की जास्तच. रेवा झाल्यापासून जीव टांगणीवरच होता. श्वास लागला का, ताप आहे का, पालथी झोपली का. ताई हे गमतीनं बोलल्या होत्या. केतकीनं ते दिवसभर चघळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मालिश केली. तिसऱ्या दिवशीही. ताईंना रेवाच्या जवळपास फिरकू द्यायचं नाही म्हणून कामाचा फोन खांद्यात धरून तिनं रेवाला कडेवर वागवलं. संध्याकाळी झबलं पाटावर ठेवलं. पाठ पांढरी! बघता बघता एक निळा पट्टा: ताईंनी दारातून जाताजाता एकदा पाठ थोपटली होती तेवढाच. आणि केशरी? काखेत मसूर.

'आईचा स्पर्श: अल्प,' मोबाइल म्हणाला. खाली बारीक अक्षरांत, 'बाळाला रोज थोडा वेळ जवळ घ्या.'

केतकीनं मोबाइल पलंगावर असा आपटला की उशीवरून तो जमिनीवर गेला.

"यंत्र आहे ते," रोशन म्हणाला. "चुकत असेल."

"तुझ्या बहिणीच्या बाबतीत बरं चुकत नाही?"

"अगं पण तू काय ताईशी शर्यत लावून राहिली? आई ती आईच ना."

"हे ऐकायला बरं वाटतं. तुझ्या लेकीला सांग."

*

नागपूरची हवा मार्च लागला की कोरडी ठणठणीत होते. आता तर उन्हाळा फेब्रुवारीतच पाय पसरायचा. त्या हवेत केतकीला आपलं कॉलेज आठवलं. भार टिकायला हवा तर ओल नको. भार जास्त हवा तर देणाऱ्या आणि घेणाऱ्या वस्तूंचं घासणं हवं. ताईंचे हात हीटरवर सुकलेले, पावडर लावलेले आणि साडी नायलॉनची. जिंकणारच त्या! हे प्रेम कसलं, हा तर भौतिकशास्त्राचा पेपर. आणि पेपर केतकीला सोडवता यायचा.

तिनं हातांना लावायचं क्रीम बंद केलं. तळव्यांचा घाम थांबवणारं औषध आणलं, वरून पावडर चोळली. सुती गाऊन कपाटात गेले, पॉलिस्टरचे दोन सुळसुळीत गाऊन आले. रेवाच्या खेळायच्या जागी तिनं फोमची चटई आणखी लांबवर अंथरली, म्हणजे बाळाचा भार फरशीत उतरायला नको. आणि शेवटचं म्हणजे, तिनं कूलरचं बटण दाबायचं सोडलं. कूलर हवेला ओल देतो ना!

"काय करून राहिली ही?" संध्याकाळी घरात शिरल्या शिरल्या रोशन ओरडला. "कूलर काहून बंद? भरीत करते का आमचं?"

"रेवाला सर्दी होते ओल्या हवेनं."

"डॉक्टर म्हणाले?"

"मी म्हणते."

आईनं म्हटल्यावर विषय संपला. रोशननं बनियन काढून पंख्याखाली लोळण घेतली.

आणि केशरी उमटलं! पहिल्या दिवशी खांद्यावर तळहाताएवढं. मग पाठीच्या मधोमध. मग एका संध्याकाळी अख्खी पाठ ज्वारीच्या शेतावर ऊन पडावं तशी केशरी, आणि निळं कडेकडेनं अंग चोरून बसलेलं. केतकीनं ते चित्र सांगलीला आईला पाठवलं. आईनं विचारलं, हे काय आहे? केतकीनं लिहिलं, रेवा.

ताईंना दाखवायचा मोह तिनं दोनदा आवरला. तिसऱ्यांदा नाही.

"बघा ताई, आज तुमचं फक्त पायाशी आहे."

ताईंनी चष्मा वर करून बघितलं. "बरं झालं की. पाय तर पाय. चालायला लागली की पायच लागतील." मग रेवाच्या तोंडाकडे बघून जरा थांबल्या. "केतकी, पोरगी सुकल्यासारखी वाटते गं. ओठ बघ कसे झाले. कूलर लाव ना."

"मी आहे ना बघायला."

ताईंनी चष्मा खाली घेतला.

*

पहिल्यांदा झालं तेव्हा केतकीला कळलंही नाही. तिनं रेवाच्या कानामागं बोट नेलं, चट् असा आवाज झाला आणि रेवा किंचाळली. मुंगी चावली असेल म्हणून केतकीनं चादर झटकली.

मग रोज काहीतरी व्हायला लागलं. केतकीनं उचलायला हात पुढं केले की रेवा मागं सरायची. डोळे घट्ट मिटायची, खांदे कानाला लावायची, चापट बसणार हे ठाऊक असलेल्या मुलासारखी. दूध प्यायला घेतलं तर तोंड लावायच्या आधीच भोकाड. ताई मात्र अंघोळ घालताना तिला धरत, ओल्या हातांनी, ओल्या फरशीवर, तेव्हा हसणं दाराबाहेर ऐकू यायचं.

केतकीनं दारामागं उभं राहून ते हसणं ऐकलं. एकदा नाही, आठवडाभर. आठवड्याच्या शेवटी ती आत शिरली.

"तुम्ही हिला काय शिकवता ताई?"

ताई रेवाचं डोकं पुसत होत्या. "बडबडगाणं. काहून?"

"माझ्याकडे बघून ती डोळे मिटते. मी जवळ घेतलं की रडते. आधी असं नव्हतं."

"दात येऊन राहिले असतील वरचे. लेकरं करतात असं."

"तुमच्याशी नाही करत."

"अगं, मी अर्धा तास येते. मला कशाला करेल?"

"अर्धा तास?" केतकीनं मोबाइल काढला, जुनं चित्र त्यांच्यासमोर धरलं. "हे अर्ध्या तासाचं आहे? हे बघा, मानेपासून कमरेपर्यंत. रोज. महिनोन्‌महिने मी हे बघत आलेय. दवाखान्यातही तुम्हीच, घरीही तुम्हीच. मी कुठं आहे यात?"

ताईंनी चित्राकडं बघितलं, मग तिच्याकडं. "तू हे मोजत होतीस? मी पोरीला थोपटलेलं?"

"तुम्हाला स्वतःचं नाही म्हणून माझं..."

पुढचं वाक्य केतकीनं गिळलं, पण गिळण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

ताईंनी टॉवेल घडी केला. अगदी कोपऱ्याला कोपरा लावून. रेवाला चटईवर बसवलं, तेलाची वाटी तिथंच राहू दिली आणि जिना उतरून गेल्या. रेवा दाराकडे रांगत गेली आणि उंबऱ्याशी बसून राहिली.

रोशनला रात्री जेवताना कळलं. तो म्हणाला, "तिनं तिच्या संसाराबद्दल आम्हा कुणाला एक शब्द बोलू दिला नाही कधी. आणि तू डायरेक्ट तिथंच हात घातला." ताट तसंच ठेवून तो उठला.

*

पुढचे दोन दिवस ताई आल्या नाहीत. पाट दोन्ही दिवस केशरीच केशरी. आणि त्या केशरी झबल्यातली रेवा आईकडे येईना.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून तिनं दूध घेतलं नव्हतं. वाटीचमच्यानं पाणी पाजावं तर केतकीचा हात जवळ आला की तोंड फिरवायची. रोशन मिहानच्या कंपनीत कामावर. दुपारी ऊन अडवायला केतकीनं जाड पडदे ओढले, घर अंधारलं. रेवा रडून रडून जेवणाच्या टेबलाखाली, चटईच्या टोकाशी जाऊन बसली होती. ओठ पांढरट, डोळे खोल.

"ये गं राणी. आई आहे ना मी. ये." केतकी चटईवरून गुडघ्यांनी सरकत सरकत गेली, गाऊन फोमवर घासत. "थोडंच पी. एकच घोट." तिनं रेवाच्या गालाकडं बोट नेलं.

आणि अंधारात तिला ते दिसलं.

तिच्या बोटाच्या टोकापासून लेकीच्या गालापर्यंत एक निळसर, केसासारखी बारीक रेघ. चट्. रेवाचं तोंड वासलं, आवाज फुटायला क्षण लागला आणि मग ती जे रडली ते रडणं केतकीनं याआधी ऐकलं नव्हतं.

केतकी तिथंच बसून राहिली. बोटाला झिणझिण्या.

तिनं स्वतःच्या अंगावरच्या गाऊनकडे बघितलं. पायाखालच्या फोमकडे. बंद कूलरकडे. माणसाचं शरीर म्हणजे भार साठवायची एक बरणीच. कोरड्या हवेत, पॉलिस्टर घालून, फोमवर चाललं की ती भरत जाते. हजारो व्होल्टपर्यंत भरते, आपल्याला पत्ताही लागत नाही. भार तसा थोडाच, जीव घेण्याइतका नाही. पण वाट मिळाली की तो एका बिंदूतून उडी मारतो. मोठ्या माणसाला टाचणी टोचल्यासारखं वाटतं. आणि एवढ्याशा गालाला? ओठाला? दूध प्यायला आलेल्या ओठाला?

ताईंनी काही शिकवलं नव्हतं. शिकवत होती ती केतकीच. आईचा हात आला की चटका बसतो, हे दिवसातून कितीदा तरी, एकदाही न चुकता.

भीतीनं तिच्या तळव्यांना घाम फुटला, औषधबिषध सगळं बाजूला सारून. तिला आठवलं, झबलं आणलं त्या दिवशी नमुन्याच्या कापडावर तिनं हात ठेवला होता तर यंत्र सारखं म्हणत होतं, पुन्हा हात ठेवा, पुन्हा हात ठेवा. तिनं यंत्राला शिव्या घातल्या होत्या. आता तिनं तेच नमुन्याचं कापड ओढलं. त्यावर पुसून पावडर लावलेला हात घासून घेतला, पाटावर ठेवलं: केशरी. मग घामेजलेला तळवा त्याच जागी नुसता टेकवला. पुन्हा पाटावर. केशरीच्या मधोमध पाच बोटांची पांढरी जागा. स्वच्छ, कोरी.

ओल भाराला वाट देते. तिचा ओला हात जिथं टेकला तिथलं सगळं वाहून जात होतं, तिचं स्वतःचंही आणि इतरांचंही. पुस्तिकेत लिहिलं होतं, पांढरं म्हणजे कुणी शिवलं नाही. ते लिहिणाऱ्यानं बहुधा तिच्यासारखी घाबरट आई बघितली नव्हती. रात्ररात्र जागून तिनं जी जागा धरली होती ती कोरी दिसायची. त्या पाटावर ती कधी उमटणारच नव्हती, आणि उमटायच्या हट्टापायी तिनं लेकीला चटके दिले होते.

रडायला सवड नव्हती. टेबलाखाली रेवाचं रडणं आता कण्हण्यावर आलं होतं.

तिनं कूलर लावला. गाऊन काढून जुना सुती कुडता चढवला. बादलीभर पाणी आणून फरशीवर ओतलं, पोतेरं फिरवलं, नळाच्या धातूला दोन्ही हात लावले. मग टेबलाजवळ जाऊन हलकेच म्हणाली, "झालं राणी, आता नाही चावणार." तिच्या अंगात आता काही उरलेलं नव्हतं. पण रेवाला विज्ञान कुठं ठाऊक? तिला हात ठाऊक होता. हात येताना दिसला तसे तिनं डोळे मिटले, खांदे वर केले आणि टेबलाच्या पायाला मिठी मारली.

केतकी उठली, दार उघडलं आणि रेवावरची नजर न काढता जिन्यात ओरडली, "ताई! ताई, वर या!"

खालून शिवणयंत्राचा आवाज येत होता. तो थांबला. पुन्हा सुरू झाला.

"ताई, रेवा दूध पीत नाहीये हो! सकाळपासून! माझ्याकडे येत नाही!"

यंत्र थांबलं. पावलं आली.

शुभाताई दारात उभ्या राहिल्या, गळ्यात मोजपट्टी तशीच. केतकीकडे त्यांनी बघितलंच नाही. "कुठं आहे?" म्हणाल्या, आणि चटई तुडवत टेबलाशी गेल्या, वाकल्या. रेवानं टेबलाचा पाय सोडला. ताई तिला घेऊन चटईवरच फतकल मारून बसल्या, नायलॉनची साडी सावरत, मागं सरकत, डुलत. "काय झालं माझ्या वाघाला? काय झालं गं माय?" रेवा त्यांच्या मानेत तोंड खुपसून हुंदके देत राहिली.

केतकी ओल्या फरशीवर, चटईच्या कडेला गुडघे टेकून बसली. ते तसं कुशीत शिरणं बघताना तिच्या छातीत पुन्हा तेच जुनं पेटलं. एवढं सगळं कळूनही! तिला स्वतःचीच लाज वाटली.

"ताई, मी तिला चटके देत होते." तिनं एका दमात सांगितलं: गाऊन, कूलर, चटई, ठिणगी. "तुमच्यापेक्षा माझं जास्त दिसावं म्हणून."

ताई थोपटत राहिल्या. "आधी पाज तिला. बाकीचं नंतर."

केतकीनं हात पुढं केला आणि मध्येच थांबवला. रेवाचं जावळ उभं राहात होतं. बारीक, तांबूस केस एकेक करून उठले आणि तिच्या बोटांकडे वळले, वाऱ्याशिवाय. तिच्या लक्षात आलं. ती स्वतः आता ओल्या फरशीवर होती, रिकामी. पण ताई नायलॉन घासत फोमवर बसल्या होत्या आणि रेवा त्यांना चिकटून. जो भार ताईंवर होता तोच लेकीवर पसरला होता. एकमेकींना त्या दोघी सुखरूप होत्या. बाहेरून कुणी लेकीला शिवलं की ठिणगी लेकीतूनच उडणार. पुन्हा आईचाच हात.

तिनं हात मागं घेतला.

"काय झालं?"

"ताई, मला आधी तुम्हाला हात लावावा लागेल."

"मला? काहून? मी किती निळी आहे ते बघायचंय का?"

"नाही. चटका तुम्हाला बसेल. मग तिला बसणार नाही. मी बोलले त्यानंतर मला तुम्हाला हात लावायचा हक्क नाही. तरी लावू द्या."

ताईंनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. ते बघणं मऊ नव्हतं. मग रेवाचं डोकं दुसऱ्या खांद्यावर घेऊन त्यांनी मोकळा हात लांब केला, कोपरापर्यंत.

केतकीनं तो धरला.

चट्!

"आई गं!" ताई उडाल्याच. "अशी? ही अशी रोज बसायची हिला?"

"हो."

जावळ हळूहळू खाली बसलं. केतकीनं ताईंचा हात धरूनच, त्याच हाताच्या आधारानं पुढं सरकत, बोटाचं टोक रेवाच्या पाठीला लावलं. रेवा आक्रसली. वाट बघत राहिली. काहीच झालं नाही. तिनं एक डोळा उघडला.

खूप वेळ गेला. ताईंनी रेवाला पूर्ण दिली नाही, केतकीनं मागितली नाही. दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या आणि बाळ दोघींच्या मांड्यांवर आडवं आलं. दोनदा तोंड फिरवलं, तिसऱ्यांदा लावलं. घोटाचा आवाज ऐकू आल्यावरच केतकीनं श्वास सोडला.

"मी विसरणार नाही तू बोललीस ते," ताई खाली बघत म्हणाल्या.

"माहीत आहे."

"कूलरचं गवत बदल. वास येऊन राहिला."

"बदलते."

दूध पिता पिता रेवाचे डोळे जड झाले. एक हात आईच्या कुडत्यावर सैल पडला होता. दुसऱ्या मुठीत तिनं ताईंचा पदर धरला होता, घट्ट, बोटांची पेरं पांढरी होईस्तोवर. केतकी त्या मुठीकडे बघत राहिली. पोटात जळलंच.

"झोपली. जाते मी, वर्गाच्या मुली येतील," म्हणत ताई ती मूठ सोडवू लागल्या.

"राहू द्या ताई," केतकी म्हणाली. "बसा."